सूर्याची चूल कशी पेटवतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, सायंकाळच्या आरतीपूर्वी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात भाषण म्हटले की विषय ठरलेले असतात. लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप का दिले, नाहीतर तेलंगणात राहून आपल्या मुलांचे मराठी कसे टिकवायचे. या दोन्ही विषयांवर आमच्याहून जाणती माणसे इथे बोलून गेली आहेत. आम्ही पडलो इलेक्ट्रिकलचे डिप्लोमावाले. राज्य सरकारच्या नोकरीत पंप, मोटारी आणि पॅनेल बोर्ड सांभाळण्यात वीस वर्षे गेली. मंडपाची लायटिंग ट्रिप झाली की आम्हाला हाक येते, भाषणासाठी कधी आली नव्हती. यंदा आली ती एका घरगुती भांडणामुळे, म्हणून आधी ते भांडण सांगतो.

आमची धाकटी बहीण इथेच आदिलाबादेत असते. तिचा मुलगाही आमच्यासारखाच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला. ग्रुपच्या परीक्षेचा क्लास लावला होता, फी भरली होती. तो क्लास अर्धा टाकून पोरगा गुजरातेत एका लहानशा कारखान्यात लागला. तिथे प्रयोगशाळांसाठी हाय व्होल्टेजचे वीजपुरवठे बनवतात. बहिणीने विचारले, कसल्या प्रयोगशाळा? तो म्हणाला, "आई, प्लाझ्मा तापवायला मायक्रोवेव्ह लागतो, त्या मायक्रोवेव्हला लागणारा करंट आम्ही देतो." बहिणीच्या लक्षात राहिला फक्त मायक्रोवेव्ह. पोरगा सरकारी नोकरी सोडून ओव्हन दुरुस्त करायला गेला, असे तिने मनाशी धरले आणि आमच्याकडे आली. "दादा, तुमचं ऐकतो तो. समजावून परत आणा."

आम्ही फोन केला. समजावायला आम्ही निघालो होतो, आणि समजावून घेत बसलो. त्यानंतर पाच-सहा महिने जे मिळेल ते वाचले, त्याला पुन्हा पुन्हा विचारले. कार्यकारिणीतल्या एका मित्राला हे कळले आणि त्याने परस्पर आमचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकले. तर आजचा विषय आहे, सूर्यात जे घडते ते जमिनीवर घडवण्यासाठी मायक्रोवेव्हने चूल कशी पेटवतात.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. आता बऱ्याच घरांत मायक्रोवेव्ह आहे आणि त्याच्याबद्दल दोन समज पक्के आहेत. त्याच्या लहरी पाण्याच्या रेणूच्या नेमक्या ठेक्याला जुळवलेल्या असतात, हा एक. त्यात तापवलेले अन्न किरणोत्सारी होते, हा दुसरा. दोन्ही चूक. ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. ती सेकंदाला २४५ कोटी आवर्तनांची, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झची लहर सोडते. पाण्याच्या रेणूची एक बाजू थोडी धन, दुसरी थोडी ऋण. लहर उलटली की रेणू तिच्यामागे वळू पाहतो, शेजाऱ्यांच्या गर्दीत अडखळतो आणि त्या ओढाताणीतून उष्णता निघते. फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे झाली तरी वरण गरम होईलच. आणि किरणोत्साराचे म्हणाल तर या लहरींत अणूचा गाभा बदलण्याइतका जोर नसतो. बटण बंद केले की मागे उरते ते फक्त गरम वरण. दाराची जाळी मात्र फाटलेली नको, कारण लहर बाहेर आली तर आपल्या अंगातल्या पाण्यालाही ती तशीच तापवेल.

फ्रिक्वेन्सी नेमकी जुळावी लागते ती प्लाझ्मासाठी.

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरू लागतात. ट्यूबलाइटच्या आत तो असतो, वेल्डिंगच्या आर्कमध्ये असतो, मृगाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेत असतो. हायड्रोजनची दोन जड भावंडे आहेत, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. त्यांचा प्लाझ्मा करून पुरेसा तापवला तर त्यांचे गाभे एकमेकांत मिसळतात, हेलियम तयार होतो आणि प्रचंड ऊर्जा सुटते. यालाच फ्यूजन म्हणतात. सूर्याच्या पोटात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला साध्या हायड्रोजनचे फ्यूजन चालते. सूर्याकडे प्रचंड वजनाचा दाब आहे, आणि घाई नाही. आपल्याकडे दोन्ही नाही, म्हणून जमिनीवर तापमान त्याच्या दहापट, पंधरा कोटी अंशांच्या आसपास लागते.

इतका गरम वायू कोणत्या भांड्यात ठेवायचा? कोणतीही भिंत त्याला लागली की वायू थंड पडतो आणि भिंतीचेही नुकसान होते. त्यावर रशियन लोकांनी १९५० च्या दशकात टोकामाक नावाचे यंत्र काढले. मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ भांडे घ्यायचे, त्याच्याभोवती चुंबकांच्या कॉइल गुंडाळायच्या आणि प्लाझ्मा चुंबकाच्या जोरावर मधल्या मध्ये, भिंतीपासून लांब, गोल फिरता ठेवायचा.

आता तो तापवायचा कसा? इथे आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला पहिल्यांदा घरी आल्यासारखे वाटले, कारण टोकामाक हा मुळात ट्रान्सफॉर्मर आहे. प्रायमरी वाइंडिंग तांब्याचे किंवा सुपरकंडक्टरचे. सेकंडरीला वेढा एकच, आणि तोही वायूचा. प्रायमरीतला करंट बदलत नेला की प्लाझ्माच्या त्या एका वेढ्यात लाखो ॲम्पियर वाहू लागतात आणि गिझरच्या कॉइलसारखा तो आपोआप तापतो.

पण यात एक मेख आहे. तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. प्लाझ्माचे उलटे आहे. तो जितका तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. एक-दोन कोटी अंशांपर्यंत जाता जाता तो इतका चांगला वाहक होतो की त्यातून कितीही करंट नेला तरी फारसा तापत नाही. बंबात कोळसा घालत राहावे आणि पाणी एका मर्यादेपुढे गरम होऊच नये, तसे. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटे असा बंब घरात असता तर काय झाले असते, कल्पना करा.

दुसरी मेख ट्रान्सफॉर्मरची स्वतःची. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. प्रायमरीतला करंट सतत बदलत राहिला तरच सेकंडरीत काही येते, आणि बदलाला शेवट असतो. शेवट आला की प्लाझ्मातला करंट थांबतो आणि चूल विझते.

या दोन्ही अडचणींवर बाहेरून ऊर्जा आत घालणे हाच उपाय आहे. जोरात पळणारे अणू आत मारता येतात, तो एक मार्ग. दुसरा मार्ग लहरींचा, आणि आपली गोष्ट त्याचीच.

केस्लापूरला नागोबाच्या जत्रेत आपण सगळे जातो. तिथे मोठमोठे विजेवरचे पाळणे आता आले, पण आमच्या लहानपणी लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा असायचा आणि एक माणूस तो हाताने ढकलायचा. तो पळत नसे, एकाच जागी उभा राहायचा. घोडा समोर आला की एक हलका धक्का, पुढच्या फेरीला पुन्हा तसाच. जोर थोडा, पण प्रत्येक फेरीला वेळ साधलेली. पाच मिनिटांत पोरे किंचाळू लागायची. वेळ चुकली असती तर त्याच हाताने पाळणा थांबला असता.

चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉनही असाच गोल फिरतो. त्याच्या फेऱ्यांचा वेग चुंबकाच्या ताकदीवर ठरतो. एक टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला २,८०० कोटी फेऱ्या, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. दीड टेस्ला केले की ४२ गिगाहर्ट्झ. तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची लहर आत सोडली तर प्रत्येक फेरीला इलेक्ट्रॉनला योग्य वेळी धक्का बसतो, त्याचा वेग वाढत जातो, आणि तो इतर कणांवर आदळून ती ऊर्जा त्यांनाही देतो. इंग्रजीत याला इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन रेझोनन्स हीटिंग म्हणतात. आपण फेरीचा ठेका म्हणू.

यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मेदूवड्याच्या भोकाच्या बाजूला चुंबकक्षेत्र जास्त असते आणि बाहेरच्या कडेला कमी होत जाते. म्हणजे ४२ गिगाहर्ट्झचा ठेका जुळणारी जागा भांड्यात एकाच उभ्या पट्टीत सापडते. लहर वाटेतल्या प्लाझ्मातून जवळपास न अडता जाते आणि त्या पट्टीत पोचली की तिथेच आपली ऊर्जा सोडते. आरसा थोडा वळवला की ऊर्जा पट्टीत वर पडते, थोडा उलटा वळवला की खाली. कोटी अंशांच्या आगीत, हात न घालता, नेमक्या जागी आच द्यायची सोय. चुलीपुढे बसून भाकरीची एकच कड शेकणाऱ्या आमच्या आजीला हे पटले असते.

ही लहर बनवायला मॅग्नेट्रॉन पुरत नाही. त्यासाठी जायरोट्रॉन लागतो. गोर्की शहरातल्या, म्हणजे आताच्या निझनी नोव्हगोरोदमधल्या शास्त्रज्ञांनी तो १९६० च्या दशकात विकसित केला. माणसाहून उंच अशी एक निर्वात नळी असते, तिच्याभोवती सुपरकंडक्टिंग चुंबक. खालून कड्याच्या आकाराच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, पन्नास हजार ते ऐंशी हजार व्होल्टच्या दाबाने वर ओढले जातात आणि चुंबकाभोवती गिरक्या घेत एका पोकळीतून जातात. त्या पोकळीत ते आपल्या गिरकीतली ऊर्जा सोडतात आणि तिची लहर होते. जायरोट्रॉनमध्ये गिरकी घेणारा इलेक्ट्रॉन लहरीला ऊर्जा देतो आणि टोकामाकमध्ये गिरकी घेणारा इलेक्ट्रॉन लहरीकडून ती परत घेतो. मधे फक्त अडीच इंच व्यासाची धातूची नळी आणि काही आरसे. नळी आतून बारीक खाचांची असते, म्हणजे लहर भिंतीला घासून वाया जात नाही. निर्वात नळीतून लहर बाहेर काढायला खिडकी लागते. एक मेगावॅटच्या जायरोट्रॉनला ती कृत्रिम हिऱ्याची असते, कारण काच त्या उष्णतेने तडकेल.

घरातला ओव्हन ८०० वॅटचा धरा. आपल्या देशात गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिच्या एसएसटी-१ टोकामाकसाठी ४२ गिगाहर्ट्झचा जो जायरोट्रॉन आहे, तो ५०० किलोवॅटचा. सहाशेहून जास्त ओव्हन एका नळीत, आणि तेही अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात काय होते, असे कुणी विचारेल. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर आठवा. एकदा नळी पेटली की त्याचे काम संपते, पण तो नसेल तर नळी पेटतच नाही. एसएसटी-१ च्या कॉइल सुपरकंडक्टिंग आहेत. त्यांच्यातला करंट झटक्यात बदलता येत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज कमी पडतो आणि वायू पेट घेत नाही. अशा वेळी ४२ गिगाहर्ट्झची लहर आधी आत सोडतात, ती वायूतले इलेक्ट्रॉन मोकळे करते आणि मग ट्रान्सफॉर्मर काम उचलतो.

चूल पेटती ठेवायला दुसरी लहर आहे. एसएसटी-१ साठी ३.७ गिगाहर्ट्झची क्लायस्ट्रॉन यंत्रणा आहे. ही लहर इलेक्ट्रॉनना एकाच दिशेने पुढे ढकलत राहते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर दमला तरी करंट चालू. फ्रान्समधल्या वेस्ट नावाच्या टोकामाकने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त वेळ प्लाझ्मा टिकवला. त्यालाही याच जातीच्या ३.७ गिगाहर्ट्झच्या लहरींचा टेकू होता.

आता भाच्याच्या कामाकडे येतो. आमचे सगळे आयुष्य ज्या गोष्टीत गेले तीच गोष्ट त्याच्याकडे हजारो पटींनी ताणलेली निघाली.

आमच्या पंपहाऊसवर ३३ केव्हीचा व्हॅक्यूम ब्रेकर असतो. फॉल्ट आला की रिले सांगतो आणि तीन सायकलमध्ये, म्हणजे सुमारे ६० मिलिसेकंदांत ब्रेकर उघडतो. आम्हाला तो फार चपळ वाटायचा. नवीन आलेल्या पोरांना आम्ही अभिमानाने सांगायचो, डोळा मिटून उघडायच्या आत लाइन तुटते.

जायरोट्रॉनला हा वेळ चालत नाही. त्याच्या आत कधीतरी ठिणगी पडते, हाय व्होल्टेज नळीत अशा ठिणग्या पडतातच. ठिणगी पडली की मागचा वीजपुरवठा आपली सगळी ताकद त्या एका बिंदूत ओतू पाहतो. ती १० मायक्रोसेकंदांत तोडावी लागते आणि त्या वेळात आत १० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये. १० ज्यूल म्हणजे किती? एक किलो गुळाची ढेप जमिनीवरून ओट्यावर ठेवायला लागते तेवढी. पन्नास हजार व्होल्ट आणि वीस ॲम्पियर म्हणजे एक मेगावॅट. एक मेगावॅट १० मायक्रोसेकंद वाहिला की बरोबर १० ज्यूल होतात. आमच्या ब्रेकरच्या वेळेशी तुलना केली तर सहा हजार पट जलद. हा हिशेब आम्ही रात्री जेवण झाल्यावर वहीत मांडला, दोनदा तपासला, आणि दुसऱ्या दिवशी पंपहाऊसवर ब्रेकरकडे बघताना थोडे ओशाळलो.

हे साधतात कसे? एक पद्धत क्राउबारची. लाइन तोडायला वेळ लागतो, म्हणून वीजपुरवठ्याच्या तोंडालाच मुद्दाम शॉर्ट करून टाकायचे, म्हणजे करंट जायरोट्रॉन सोडून तिकडे वळतो. आमच्या साहेबांना आम्ही मुद्दाम शॉर्ट केले असे सांगितले असते तर मेमो मिळाला असता. दुसरी पद्धत म्हणजे एकच मोठा पुरवठा न बनवता लहान लहान अनेक मॉड्यूल एकावर एक जोडून ऐंशी हजार व्होल्ट उभे करायचे. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा सेमीकंडक्टर स्विच असतो आणि सगळे एकाच वेळी बंद होतात. भाचा याच प्रकारच्या मॉड्यूलच्या जोडणीवर आहे.

हे खरेच दहा ज्यूलमध्ये तुटते का, हे पाहायची चाचणी ऐकून आम्ही खुर्चीत नीट सावरून बसलो. जायरोट्रॉन कोट्यवधींचा, त्याच्यावर प्रयोग करायची हिंमत कोण करणार? म्हणून त्याच्या जागी तांब्याची केसासारखी बारीक तार लावतात. जाडी ठरलेली, लांबी ठरलेली, म्हणजे ती किती ज्यूलला वितळेल हे आधीच माहीत. मग पूर्ण व्होल्टेज चढवून तो पुरवठा मुद्दाम त्या तारेवर शॉर्ट करतात. तार जळाली तर पुरवठा नापास, वाचली तर पास. ऐंशी हजार व्होल्टच्या कपाटाची परीक्षा एक तार घेते. आम्ही फ्यूजची तार जळाली की काम झाले असे मानणारे लोक, आणि भाच्याकडे तार न जळणे हे काम.

बहिणीला आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे मोठ्या कंपनीत फ्यूज बसवतो." आम्ही पुढे काही बोललो नाही.

आता या कामात आपली माणसे कुठे आहेत, हेही या मंडपात सांगायला हवे. गांधीनगरच्या संस्थेची सुरुवात अहमदाबादेत १९८२ साली एका कार्यक्रमाच्या रूपाने झाली आणि १९८६ साली ती स्वतंत्र संस्था झाली. तिचे पहिले संचालक प्रा. प्रेधिमान काव. १९८९ साली तिथे आदित्य हा देशात बनवलेला टोकामाक चालू झाला, आणि एसएसटी-१ मध्ये पहिला प्लाझ्मा २०१३ साली आला. महाराष्ट्राचा धागा मुंबईतून जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली मायक्रोवेव्हची उपकरणे बनवणारा एक विभाग सुरू झाला होता. त्यातून १९८४ साली समीर ही संस्था निघाली, पवईच्या आयआयटीच्या आवारात. पुढे ४२ गिगाहर्ट्झ, २०० किलोवॅटचा देशी जायरोट्रॉन बनवण्याचा प्रकल्प पाच ठिकाणच्या माणसांनी मिळून हाती घेतला. त्यांत पिलानीची सीरी, बनारस हिंदू विद्यापीठ, आयआयटी रुरकी आणि गांधीनगर यांच्याबरोबर मुंबईची समीरही होती. असा देशी प्रयत्न का हवा? कारण एसएसटी-१ वरचा ५०० किलोवॅटचा जायरोट्रॉन रशियातून आणलेला आहे. कपाट, कूलिंग, कंट्रोल हे सगळे आपण बनवतो आणि मधली नळी बाहेरून आणतो. आम्हाला ही गोष्ट खुपते. पंप परदेशी आणि पाइप देशी असा कारभार आम्ही पाहिला आहे. पंप बिघडला की सगळे पाइप नुसते पडून राहतात.

समीरचे नाव वाचताना आम्ही एका ओळीवर थांबलो. कर्करोगावर किरणोपचार करणारी लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रेही ही संस्था बनवते, आणि तिची यंत्रे ज्या रुग्णालयांत बसली त्यांत सेवाग्रामचे रुग्णालय आहे. त्या यंत्रातही मायक्रोवेव्ह असतो. तोच इलेक्ट्रॉनला वेग देतो आणि त्यातून उपचाराचे किरण निघतात. आपल्यापैकी किती घरांतून पैनगंगेचा पूल ओलांडून, पांढरकवडा मागे टाकून, सेवाग्रामची वाट धरली गेली आहे हे इथे सांगायला नको. आमच्या आईलाही आम्ही तिकडेच नेले होते. तेव्हा ती आत असायची आणि आम्ही बाहेर बाकावर. दाराबाहेरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचो. आत काय फिरते आहे, ते कुणी बनवले, हे विचारायचे सुचले नाही. ती त्यानंतर चार वर्षे होती. मायक्रोवेव्हला घाबरणाऱ्या आमच्या शेजारीणबाईंना आम्ही हल्ली हेच सांगतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. भाच्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालावीत अशी ही वीज येणार कधी?

इथे आम्हाला खोटे बोलायचे नाही. १९५५ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी सांगितले होते की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल. ती दोन दशके १९७५ साली संपली. फ्रान्समध्ये ईटर नावाचे जगातले सर्वांत मोठे टोकामाक उभे राहत आहे. भारत त्यात भागीदार आहे, आणि त्याच्याभोवतीचे क्रायोस्टॅट हे ३,८०० टनांचे निर्वात भांडे गुजरातेत हजीरा इथे लार्सन अँड टुब्रोने बनवले. दोन जायरोट्रॉनचे संचही भारताच्या वाट्याला आले. पण २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे संशोधन सुरू व्हायला २०३४ आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग व्हायला २०३९ उजाडेल. त्याआधीची तारीख २०२५ होती.

आणि तेव्हाही बल्ब पेटणार नाही. ईटरचे उद्दिष्ट आहे की प्लाझ्मात ५० मेगावॅट उष्णता घालावी आणि फ्यूजनमधून ५०० मेगावॅट मिळावी. दहापट म्हणून जे सांगतात ते हेच. पण इलेक्ट्रिकलवाल्याने मीटर कुठे लावला ते आधी बघावे. जायरोट्रॉनला जी वीज लागते तिच्यातली साधारण निम्मीच लहरीत येते, बाकीची पाणी गरम करण्यात जाते. चुंबक, थंडावा, पंप यांची वीज वेगळी. त्या पन्नासमध्ये यांतले काही धरलेले नाही. शिवाय ईटरमध्ये टर्बाइनच नाही, निघालेली उष्णता थंड करून सोडून द्यायची. इकडे, २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या मंचिर्याल भागात, जयपूरला सिंगरेणीचे १,२०० मेगावॅटचे केंद्र रोज कोळसा जाळून खरी वीज देते आहे. आपल्या मंडपातली ही माळ अशाच विजेवर लागली आहे. भाच्याच्या निवृत्तीपर्यंत ती फ्यूजनवर लागेल, असे लिहून द्यायला आम्ही तयार नाही.

हे आम्ही भाच्याला स्पष्ट विचारले. आठवडाभर गाठ बांधून ठेवलेला प्रश्न होता. म्हटले, "अरे, ज्याची तारीख सत्तर वर्षे पुढे सरकते आहे, त्यात तू काय पाहिलेस?" तो म्हणाला, "मामा, तारखेचं मला नाही सांगता येत. पण मी लावलेलं मॉड्यूल दहा मायक्रोसेकंदांत बंद होतं की नाही, हे त्याच दिवशी कळतं." आमच्या नोकरीत काही फायलींना उत्तर यायला तीन-तीन वर्षे लागली आहेत. त्यामुळे या उत्तरावर आम्हाला लगेच काही सुचले नाही.

तरी बहिणीची बाजूही आम्ही सोडलेली नाही. तिचे म्हणणे साधे आहे. त्या कारखान्याला एका प्रयोगशाळेचे काम मिळाले तर चार महिन्यांचे काम, मग पुढच्या टेंडरची वाट. पगार आमच्या पहिल्या पगाराहून फार जास्त नाही. आजारपण आले, लग्न ठरले, तर पाठीशी काय? सरकारी नोकरीची सावली काय असते हे आम्ही वीस वर्षे अनुभवतो आहोत. आईच्या उपचारांच्या वेळी तीच उपयोगी पडली. म्हणून पोराला "तिथेच राहा" असे सांगायला आमची जीभ रेटत नाही, आणि "परत ये" असे सांगायलाही आता रेटत नाही. ग्रुपच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अजून गेलेली नाही, असे बहिणीने काल पुन्हा बजावले आहे.

गणपतीला तो येणार होता, तिकीटही काढले होते. पण चाचणी पुढे ढकलली आणि तिकीट रद्द करावे लागले. परवा रात्री साडेअकराला त्याने फोनवर एक फोटो पाठवला. लाकडी पट्टीवर दोन स्क्रूंमध्ये ताणलेली एक तार, दिव्याच्या उजेडात जेमतेम दिसणारी. खाली लिहिले होते, "मामा, वाचली." आम्ही तो फोटो बहिणीला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला. मग म्हणाली, "जेवला का विचार त्याला."

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मघापासून घड्याळाकडे बघते आहे. आरतीची वेळ झाली. बाळगोपाळांनी टाळ घ्या.